ज्याचा देव, त्याच्या नावाने

सकाळी ६.३०

चहाला उकळी येईपर्यंत आजच्या कामाची यादी पाहून घेते. आज ट्रे क्रमांक नऊ. त्यात कुषाण राजांची सोन्याची नाणी आहेत. संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीत या नाण्यांसमोर, देवतेच्या रकान्यात, जवळजवळ सगळीकडे एकच शेरा आहे : ‘परदेशी देवता’. अक्षर सुबक, शाई अजून काळीभोर, आणि पानामागून पानं तोच शेरा. माझं सध्याचं काम हे की प्रत्येक नाणं पुन्हा हातात घ्यायचं, मोजायचं, वाचायचं आणि त्या शेऱ्याच्या जागी देवाचं नाव लिहायचं. नाव शोधायला लांब जावं लागत नाही, ते नाण्यावरच असतं. सतराशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाने ते मुद्दाम कोरवून घेतलेलं आहे. एवढी तजवीज करून ठेवलेलं नाव आपण वाचलंच नाही, तर नोंद अपुरी राहते.

सकाळी ७.४५

लोकलमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली की पाऊण तास वाचनाला मिळतो. आज कुषाणांच्या वंशावळीची उजळणी करते, कारण राजा चुकला की देवांचा क्रमही चुकतो.

कुषाण मूळचे युएची टोळ्यांपैकी. चीनच्या वायव्येकडच्या गान्सू भागातून हुसकावले गेल्यावर ते पश्चिमेकडे सरकत गेले आणि इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात आमू दर्याच्या काठी, बॅक्ट्रियात स्थिरावले. बॅक्ट्रिया म्हणजे आजचा उत्तर अफगाणिस्तान आणि त्याला लागून असलेला उझबेकिस्तान-ताजिकिस्तानचा पट्टा. तिथली भाषा इराणी कुळातली, लिपी आणि नाण्यांची रीत मात्र ग्रीक, कारण अलेक्झांडरच्या स्वारीनंतर जवळपास दोन शतकं तिथे ग्रीकांची सत्ता होती. कुजुल कदफिसेसने बाकीच्या टोळ्यांना नमवून राज्य उभं केलं. त्याचा मुलगा विम ताक्तो, नातू विम कदफिसेस, पणतू कनिष्क. पुढे हुविष्क आणि वासुदेव. कनिष्काचं राज्यारोहण इ. स. १२७च्या सुमाराला झालं, असं आता बहुतेक अभ्यासक धरून चालतात. त्याच्या काळी हे राज्य आमू दर्यापासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत पसरलं होतं.

सोन्याचं नाणं नियमितपणे पाडायला सुरुवात केली ती विम कदफिसेसने. सुमारे आठ ग्रॅमचा दिनार, त्याच्या दुप्पट वजनाचं मोठं नाणं आणि दोन ग्रॅमचा पाव दिनार. ऑगस्टसच्या काळच्या रोमन सोन्याच्या नाण्याचं वजनही आठ ग्रॅमला थोडंसंच कमी. व्यापाराच्या वाटांवर दोन्ही नाणी एकमेकांना भेटत होती.

सकाळी ९.३०

सोन्याची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी सुरक्षा अधिकाऱ्यांकडे.

“काय मॅडम, आज कोणते देव?” ते रोज विचारतात, आणि उत्तर मनापासून ऐकून घेतात.

“आज नाना, मीरो, ओएशो. आणि बरेच जण.”

नाण्यांची संख्या, वेळ आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच ट्रे खोलीबाहेर पडतो. टेबलावर जाड मऊ कापड अंथरलेलं असतं. नाणं कडेनेच धरायचं, कापडापासून वितभरापेक्षा जास्त उचलायचं नाही आणि भिंग डोळ्याजवळ घेऊन आपणच खाली वाकायचं. सोन्याला गंज चढत नाही, पण सोनं मऊ असतं. आज पडलेला ओरखडा पुढच्या सगळ्या अभ्यासकांना दिसत राहणार.

सकाळी १०.००

आधी वजन. काटा ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवतो. कनिष्काचा पहिला दिनार : ७.९३१ ग्रॅम. मग तेच नाणं बारीक दोऱ्याच्या झोळीत ठेवून पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा वजन घ्यायचं : ७.५१२ ग्रॅम. फरक ०.४१९. पहिल्या आकड्याला या फरकाने भागलं की उत्तर १८.९ च्या आसपास येतं. शुद्ध सोन्याचं विशिष्ट गुरुत्व १९.३, चांदीचं १०.५. भेसळ चांदीची धरली तर या नाण्यात सुमारे ९७ टक्के सोनं आहे. नाण्याला इजा न करता, चिमूटभरही धातू न काढता एवढं कळतं.

माझी सहायक आकडे लिहून घेते. ट्रेच्या शेवटच्या ओळीतली नाणी वासुदेवानंतरच्या राजांची. तिथे वजन फारसं घटत नाही, पण पाण्यातला फरक वाढत जातो. सोनं कमी, चांदी जास्त. राज्याला पश्चिमेकडून सासानी सत्तेने कुरतडायला घेतलं होतं, त्या ओढाताणीचा हा धातूतला हिशेब आहे.

वजनानंतर व्यास, मग दोन्ही बाजूंच्या चित्रांचा कोन. पुढची बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं तर मागचा देव सरळ उभा दिसतो की उलटा, हे प्रत्येक वेळी टिपायचं. टांकसाळीच्या सवयी अशा बारीकसारीक गोष्टींत सापडतात.

सकाळी ११.००

आता वाचन. हा दिवसाचा सर्वांत सावकाश आणि माझा सर्वांत आवडता वेळ.

पुढच्या बाजूला कनिष्क उभा आहे. दाढी, उंच टोपी, गुडघ्याखाली येणारा जाड अंगरखा, पायांत बूट. उजवा हात खाली एका छोट्या वेदीवर आहुती देतोय, डाव्या हातात भाला, खांद्यातून ज्वाळा निघताहेत. मथुरेजवळच्या माट इथे कनिष्काचा शिर नसलेला दगडी पुतळा सापडला, त्याच्या अंगावरही हाच अंगरखा आणि हेच बूट आहेत. मथुरेच्या उन्हातसुद्धा राजाने मध्य आशियातला आपला पोशाख सोडलेला नाही.

नाण्याच्या कडेने लेख फिरतो. लिपी ग्रीक, भाषा बॅक्ट्रियन : ‘शाओनानोशाओ कनिष्की कोशानो’, म्हणजे राजांचा राजा कनिष्क कुषाण. यातल्या ‘श’साठी ग्रीक वर्णमालेत अक्षरच नव्हतं, म्हणून कुषाणांच्या लेखनात एक नवं अक्षर आलं : उभी रेघ, मध्यावर उजवीकडे एक पोट, आणि पोटाच्या वरही रेघेचं टोक बाहेर. सुरुवातीचे वाचक याला ग्रीक ‘र’ समजले आणि ‘राओ नानो राओ कनेर्की कोरानो’ असं वाचत राहिले. हा ‘र’ नसून ‘श’ आहे हे १८८७ साली ऑरेल स्टाइन यांनी दाखवून दिलं आणि नाण्यांवरच्या कितीतरी देवांची नावं एकदम नीट लागली. भिंगाखाली ते टोक वर आलेलं दिसलं की मी अजूनही क्षणभर थांबते. दोन-तीन केसांच्या जाडीएवढी रेघ, पण तिच्यावर राजाचं नाव अवलंबून आहे.

ट्रेमध्ये कनिष्काची दोन नाणी मी मुद्दाम शेजारीशेजारी ठेवते. दोन्हींवर मागे एक तरुण देव. डोक्याभोवती किरण, अंगावर झगा, उजवा हात पुढे केलेला, डावा तलवारीच्या मुठीवर. दोन्ही चित्रं इतकी सारखी की ठसा कोरणारा कारागीर एकच असावा असं वाटतं. पण पहिल्यावर ग्रीकमध्ये ‘हेलिओस’ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ‘मीरो’. राजवटीच्या सुरुवातीला कनिष्काच्या नाण्यांवरचे लेख ग्रीक होते, देवांची नावंही ग्रीक : हेलिओस, सेलेने, हेफाइस्तोस, ननाया. मग त्याने नाण्यांवरून ग्रीक भाषा काढून टाकली. चित्रं तशीच ठेवली, नावं बदलली. हेलिओसचा मीरो झाला, चंद्रदेवता सेलेनेचा माओ, हेफाइस्तोसचा अग्निदेव अथशो, ननायाची नाना. मीरो म्हणजे इराणी मिथ्र, आपल्या वेदांतल्या मित्र देवाचा सख्खा भाऊ.

तर मग हे देव कोणाचे? चेहरा आणि पेहराव ग्रीक शिल्पकाराच्या हातचा, पण पूजा बॅक्ट्रियातली. पहिल्याच्या रकान्यात मी लिहिते : ‘हेलिओस (पुढे मीरो)’. दुसऱ्याच्या रकान्यात : ‘मीरो’.

दुपारी १२.१५

पुढचं नाणं नानाचं. हिच्यासाठी मी वेगळा वेळ राखून ठेवलाय.

देवी उजवीकडे पाहत उभी आहे. डोक्यामागे प्रभावळ, केसांवर चंद्रकोर. एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात काठी. काठीच्या टोकाला, भिंग थोडं तिरकं धरलं की दिसतो, सिंहाचा पुढचा अर्धा भाग : आयाळ, उघडा जबडा आणि उचललेले पंजे. हे सगळं मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत कोरलंय.

नाना मुळात मेसोपोटेमियातली. उरुक शहरात तिची पूजा ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकापासून होत होती. तिथून इराण, मग बॅक्ट्रिया. कनिष्कापर्यंत पोचेतो तिने दोन हजार वर्षांहून जास्त प्रवास केला होता. मग तिला परदेशी म्हणायचं का? कनिष्काने स्वतः काय म्हटलंय ते पाहू.

१९९३ साली अफगाणिस्तानच्या बघलान प्रांतात रबाताक इथे एक शिलालेख सापडला. निकोलस सिम्स-विल्यम्स यांनी तो वाचला आणि जो क्रिब यांच्याबरोबर प्रसिद्ध केला. भाषा बॅक्ट्रियन, लिपी ग्रीक. त्यात कनिष्क सांगतो की आपल्याला राज्य मिळालं ते नाना आणि इतर सर्व देवांकडून. साकेत, कौशांबी, पाटलिपुत्र, चंपा इथपर्यंत आपला हुकूम चालतो, असंही तो सांगतो. मग देवळाची आज्ञा आणि त्यात ज्यांच्या मूर्ती बसवायच्या त्या देवांची यादी : नाना, उम्मा, अहुरमझ्द, मोझ्दोआनो, स्रोशर्द, नरस, मिहिर. त्यांच्याबरोबर पणजोबा कुजुल, आजोबा विम ताक्तो, वडील विम कदफिसेस आणि खुद्द कनिष्क यांच्या मूर्तीही बसवायच्या. देव आणि पूर्वज एकाच देवळात. याच लेखात ग्रीकमधली आज्ञा ‘आर्य’ भाषेत आणल्याचंही म्हटलंय. नाण्यांवर भाषा बदलताना दिसते, त्याचा हा दगडावरचा पुरावा.

ज्या देवीने राज्य दिलं तिला राजा परकी मानत नव्हता. ती त्याच्या घराण्याची देवी होती. रकान्यात लिहिते : ‘नाना’.

दुपारी १.१५

डबा. मटकीची उसळ, पोळी, लिंबाचं लोणचं. समोर ताम्रपट विभागातले सहकारी बसतात. ते नाशिकचे.

“म्हणजे सर्वधर्मसमभावच ना?” त्यांचा नेहमीचा प्रश्न. “राज्यात ग्रीक होते, इराणी होते, बौद्ध होते, शैव होते. राजाने सगळ्यांचे देव नाण्यावर घेतले.”

हे मत अनेक पुस्तकांत आहे आणि ऐकायला चांगलंही वाटतं. पण नाण्यांची मोजदाद केली की ते डळमळतं. कुषाण राज्यात जैनांची मोठी वस्ती होती, मथुरेत कंकाली टीला इथे त्यांचे भरपूर अवशेष मिळालेत, पण नाण्यांवर एकही तीर्थंकर नाही. बुद्ध आहे, पण दुर्मीळ. नाण्यांवर नावानिशी आलेल्या तीसेक देवांपैकी निम्म्याहून जास्त इराणी कुळातले, आणि त्यातही काही मोजकेच पुनःपुन्हा येतात : नाना, मीरो, माओ, ओएशो, अथशो, फर्रो, अर्दोख्शो. जो क्रिब यांनी मांडलंय की हे देव प्रजेची जनगणना नव्हेत, हे राजघराण्याचे पाठीराखे. मला हे पटतं. युद्धात जय देणारा ओर्लाग्नो, राजतेज देणारा फर्रो, समृद्धी देणारी अर्दोख्शो : राजाला जे जे हवं ते देणारे हे देव आहेत.

सहकारी पोळीचा तुकडा मोडत म्हणतात, “आमच्या पांडवलेण्यांत उषवदाताने सोन्याचा भाव लिहून ठेवलाय, तो विसरू नका हं.” विसरेन कशी? नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात. त्याने नाशिकच्या लेण्यातल्या लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण असा दर नोंदवलाय आणि ७०,००० कार्षापणांचे २००० सुवर्ण होतात असा हिशेब दिलाय. ते सुवर्ण कोणत्या नाण्याचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कुषाणांच्या काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात सोन्याचा हिशेब चांदीत मांडला जात होता, याला दगडाची साक्ष आहे.

दुपारी २.००

हुविष्क. कनिष्कानंतरचा हा राजा देवांच्या बाबतीत सर्वांत श्रीमंत. नाण्याच्या पुढे त्याचा अर्धपुतळा : रत्नजडित शिरस्त्राण, हातात राजदंड, आणि खाली ढग किंवा डोंगर, ज्यातून तो वर आलेला दिसतो.

मागची बाजू फिरवली की एकेक पाहुणा समोर येतो, असं जुनी नोंदवही म्हणेल. मी नावं वाचते. ‘सारापो’ : अलेक्झांड्रियाचा सेरापिस, इजिप्त आणि ग्रीस यांच्या संगमातून झालेला देव, तांबड्या समुद्राच्या व्यापाराबरोबर आलेला. ‘हेराकिलो’ : गदा आणि सिंहाचं कातडं घेतलेला हेराक्लीस. ‘ओअख्शो’ : आमू दर्या नदीच देवरूपात, हातात मासा. ‘शाओरेओरो’ : चिलखत घातलेला इराणी देव. ‘ओआनिंदो’ : पंख असलेली विजयदेवता. आणि मग ‘स्कंदो कोमारो बिझागो’ : स्कंद-कुमार आणि विशाख, समोरासमोर उभे. काही नाण्यांवर तिसरा ‘मासेनो’, महासेन. आपल्या पुराणांनी ही सगळी एकाच देवाची, कार्तिकेयाची, नावं मानली, हुविष्काच्या नाण्यांवर ते वेगवेगळे देव म्हणून उभे आहेत. इ. स. दुसऱ्या शतकात स्कंदपूजा कशी होती हे समजून घ्यायला हा सोन्याचा एक तुकडा मोठ्या ग्रंथाइतका महत्त्वाचा ठरतो.

ओएशोपाशी मी जास्त वेळ थांबते. चार हात : त्रिशूळ, वज्र, जलपात्र, आणि शिंगांनी धरलेलं हरिण. काही ठशांत तीन मुखं. वासुदेवाच्या नाण्यांवर मागे नंदीही उभा. पाहणारा कोणीही मराठी माणूस हात जोडून ‘महादेव’ म्हणेल. काही अभ्यासकांच्या मते ओएशो हे नाव इराणी वायूदेवाचं, आणि त्याला रूप दिलंय शिवाचं. इतर काही जण नावही भारतीयच मानतात. हुविष्काच्या एका नाण्यावर त्याच्या शेजारी ‘ओम्मो’, म्हणजे उमा उभी आहे, तर दुसऱ्यावर त्याच्याच शेजारी नाना. एकच देव, एका नाण्यावर उमेसोबत, दुसऱ्यावर मेसोपोटेमियाच्या देवीसोबत. नोंदवहीत मी ‘शिव’ लिहीत नाही, ‘परदेशी’ही लिहीत नाही. ‘ओएशो’ लिहिते आणि शेजारच्या रकान्यात हातातली आयुधं एकेक करून नोंदवते. पुढचा अभ्यासक त्यावरून स्वतःचं मत बनवू शकेल.

दुपारी ३.१५

आज लोकांनी आणलेली नाणी पाहण्याचा दिवस. आम्ही किंमत सांगत नाही, ओळख सांगतो.

एक आजी नातीबरोबर आल्यात. रुमालात पुतळ्यांची माळ. “बघा गं, सासूबाईंनी दिलेली. लक्ष्मीपूजनाला तांब्यावर घालतो.” सोन्याच्या छोट्या गोल चकत्या, प्रत्येकीवर दोन माणसं, मागे लंबगोलात एक देव.

मी त्यातली एक भिंगाखाली धरते आणि नातीला बघायला देते. ही व्हेनिसच्या डुकाट नाण्याची नक्कल. मूळ नाणं १२८४ पासून १७९७ पर्यंत जवळपास त्याच वजनाचं, साडेतीन ग्रॅमचं निघत राहिलं आणि व्यापारामार्फत भारतात भरपूर आलं. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या चौकटीत येशू ख्रिस्त. आपल्या सोनारांनी ही नाणी हुबेहूब पाडली. अक्षरं बिघडत गेली, चित्र राहिलं.

“म्हणजे हे येशू?” आजी विचारतात.

“हो आजी.”

“असू दे की. आमच्या घरात लक्ष्मीबरोबरच असतात.”

आजींचं हे वाक्य मी आजच्या कामाच्या वहीत शेवटी लिहून ठेवलं. रबाताकच्या देवळातही असंच झालं असणार. ज्या देवाची आपण पूजा करतो तो घरचा होतो, मूळ गाव कुठलंही असो. जाताना आजींना एवढंच सांगितलं : माळ वितळवू नका, आणि एकेका पुतळीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

दुपारी ४.३०

एका संग्राहकाने ईमेलवर छायाचित्र पाठवलंय. कनिष्काचा सोन्याचा ‘बोद्दो’. खरा की खोटा?

या नाण्यावर श्वास अडकतो, कारण तो खरा असेल तर फार मोठी गोष्ट आहे. बुद्धाची मनुष्यरूपातली नावानिशी प्रतिमा दाखवणाऱ्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हे नाणं. बुद्ध समोर उभा, उजवा हात अभयमुद्रेत, डाव्या हाताने चीवराचं टोक धरलेलं, डोक्यामागे प्रभावळ. तांब्याच्या नाण्यांवर तो ‘साकामानो बोद्दो’ म्हणजे शाक्यमुनी बुद्ध आणि ‘मेत्रागो बोद्दो’ म्हणजे मैत्रेय म्हणून येतो. सोन्याचे मात्र मोजकेच माहीत आहेत. त्यातला एक जलालाबादजवळच्या अहिन पोश स्तूपातून १८७९ साली विल्यम सिम्प्सन यांना मिळाला. शेजारी विम कदफिसेस, कनिष्क, हुविष्क यांची नाणी आणि रोमचे डोमिशियन, ट्राजन आणि हेड्रियनची राणी सॅबिना यांचीही. सगळी एकाच स्तूपात, एकाच ठेवीत. कोणते देव आणि कोणते राजे एकत्र नांदत होते याचं यापेक्षा थेट उत्तर कुठे मिळणार? ते मिळालं कारण जागा नोंदवली गेली. तसंच १९४० साली इथिओपियातल्या देब्रे दामो मठाच्या जागी शंभराच्या आसपास कुषाण सोन्याची नाणी मिळाली. ती तिथे सापडली हे माहीत आहे, म्हणून तांबड्या समुद्राचा व्यापार समजतो. बाजारातून आलेल्या त्याच नाण्यांनी एवढं कधीच सांगितलं नसतं.

छायाचित्र मोठं करून बघते. अक्षरांच्या कडा गोलसर, भोवतीच्या मोकळ्या जागेत बारीक छिद्रं. ठशाखाली ठोकलेल्या सोन्यात धातू बाहेरच्या दिशेने ओढलेला दिसतो, तो इथे नाही. आणि चीवरावर एक तिरका ओरखडा. हा ओरखडा मी पाहिलाय. एका प्रसिद्ध खऱ्या नाण्याच्या छापील छायाचित्रात, नेमका याच जागी. अस्सल नाण्याचा साचा घेऊन ओतलेली नक्कल आहे ही. तसं कळवते, कारणांसह. खोट्या बोद्दोने नुसता एक ग्राहक फसत नाही, बुद्धमूर्तीच्या इतिहासातच खोटा पुरावा घुसतो.

सायंकाळी ५.१५

ट्रेची शेवटची ओळ. वासुदेवानंतरचे राजे. देवांची गर्दी ओसरलीय, राहिलेत दोघेच : नंदीसह ओएशो आणि सिंहासनावर बसलेली अर्दोख्शो, डाव्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. ती भाग्याची, भरभराटीची बॅक्ट्रियन देवी.

याच नाण्यांनंतर गुप्तांची नाणी येतात. समुद्रगुप्ताच्या सुरुवातीच्या दिनारावर राजा तसाच उभा, अंगरखा कुषाणांचा, वेदीवर आहुती, आणि मागे तीच सिंहासनावरची देवी, तेच शिंग हातात. पुढच्या ठशांमध्ये सिंहासनाचं कमळ होतं, शिंगाच्या जागीही कमळ येतं आणि लक्ष्मी पूर्ण होते. शेजारीशेजारी ठेवलेल्या सहा-सात नाण्यांत हा बदल डोळ्यांनी पाहता येतो.

गुप्तांच्या या नाण्यांचा मोठा आधार म्हणजे राजस्थानातल्या भरतपूरजवळचा बयाणा निधी. १९४६ मध्ये शेताच्या बांधात तांब्याच्या भांड्यात सोनं सापडलं. सरकारला कळेपर्यंत काही नाणी हातोहात गेली, वितळली. उरलेली १८२१ नाणी अनंत सदाशिव आळतेकरांनी एकेक करून वर्णिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या विद्वानाचा तो सूचिग्रंथ माझ्या टेबलावर कायम उघडा असतो. प्रत्येक नाण्याचं वजन, माप, लेख, ठशातला फरक. याहून चांगला धडा मला कोणी दिलेला नाही.

सायंकाळी ६.००

नाणी मोजून ट्रेमध्ये. आम्लरहित कागदाची पाकिटं, प्रत्येकावर पेन्सिलने क्रमांक. सुरक्षा अधिकारी येतात, दोन किल्ल्या, दोन सह्या.

नोंदवहीतल्या आजच्या ओळी पूर्ण झाल्या. ‘सापडल्याचं ठिकाण’ हा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. तिथे जुना शेरा एकच : ‘बाजारातून खरेदी’. देवाचं नाव मी नाण्यावरून परत मिळवू शकते. ठिकाण कुठूनही मिळणार नाही. पेशावर, मथुरा की बेग्राम, स्तूपातून की शेतातून, कोणाशेजारी, कोणत्या मडक्यात, हे सगळं ज्या दिवशी ते नाणं कोणीतरी गुपचूप विकलं त्या दिवशी संपलं.

रात्री ९.००

घरी परतल्यावर दिवसाचा अहवाल टंकित करते आणि वाचकांसाठी चार ओळी लिहायला घेते. मला आग्रहाने सांगायचंय ते हे.

तुमच्या घरात, शेतात, विहिरीच्या खोदकामात जुनं नाणं मिळालं तर ते चिंचेने, लिंबाने, राखेने घासू नका. त्यावरचा बारीक लेख पहिल्या घासण्यातच जातो. त्याला डाग देऊन कडी लावू नका. किती कुषाण दिनारांचा वरचा काठ गळ्यात घालण्याच्या हौसेने बिघडलाय, आणि नेमकं तिथलं अक्षर गेलंय. जमिनीत ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं १९७२च्या कायद्याने गुन्हा आहे. घरच्या जुन्या नाण्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, जवळच्या सोनाराकडून वजन करून घ्या, ती कोणाकडून आणि कोणत्या गावाहून आली हे कागदावर लिहा, आणि जवळच्या संग्रहालयात नेऊन दाखवा.

मागे कोणता देव आहे हे आपल्याला ओळखता आलं नाही तरी चालेल. त्याला परका मात्र ठरवू नका. त्याचं नाव नाण्यावर कोरलेलं आहे, ते वाचणारे लोक आहेत. ते नाणं त्यांच्यापर्यंत पोचवणं तेवढं आपल्या हातात आहे.